उतरंडीतलं हळकुंड

१

थोरल्या डेऱ्यातल्या ज्वारीत साखरबाईंनी कोपरापर्यंत हात घातला, पुरचुंडी चाचपून वर काढली, गाठ सोडली आणि नुसत्या बघत राहिल्या. आत सोन्याच्या दोन पाटल्या असायला हव्या होत्या. होतं ते पिवळ्या दोऱ्यात गुंडाळलेलं एक हळकुंड.

"आत्या, काय झालं?" जयवंतानं विचारलं.

साखरबाईंनी हळकुंड तळव्यावर धरून पुढं केलं. त्या मुळातच हळू बोलणाऱ्या. "ह्ये बघ," एवढंच त्या पुटपुटल्या.

सन त्रेपन्नचा वैशाख अधिक आला होता. वडगाव निंबाळकरात घरोघरी धोंड्याच्या महिन्याची व्रतं चालली होती. आबासाहेबांच्या घरात मात्र त्या महिन्यात दुसरंच एक व्रत होतं, नातीच्या शाळेचं. थोरला मुलगा जयवंता मुंबईत एका विलायती कंपनीच्या कारखान्यात फिटर होता. साहेब इंग्रजीत बोलला की मान हलवायची आणि कळलं नाही तरी कळल्यासारखं करायचं, याचा त्याला वीट आला होता. "माझी पोर नुस्ती मान हलवणार न्हाय," असं म्हणून त्यानं नकोशीसाठी मुंबईतली इंग्रजी शाळा बघितली होती. तिथं पारशी, किरिस्ताव, गुजराथी आणि दोन-चार गोऱ्यांचीही पोरं होती. चाळीत खोली मिळाली होती. आता बायको सिंधुबाई आणि सात वर्षांची नकोशी यांना घेऊन जायचं होतं.

अशा शाळेचा खर्च कसा धरायचा, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. दिवाळीत जयवंता एकेक बाब सांगत गेला, तशी त्याची आई प्रयागबाई म्हणाली, "माझ्या डोक्यात ऱ्हायचं न्हाय, पर मडक्यात ऱ्हाईल." तिनं स्वैपाकघरातली उतरंड मोकळी केली. सगळ्यांत खाली थोरला डेरा, दाखल्याच्या फीचा. त्यावर कपड्यांचं मडकं, त्यावर बूटमोज्यांचं, त्यावर बसचं, आणि टोकाला चिमुकलं बोळकं, ऐन वेळेला लागेल त्याचं. प्रत्येकात धान्य आणि धान्यात पुरचुंडी.

"आनि गळ्यात बांधायची ती पट्टी? टाय?" जयवंतानं आठवण केली होती.

"पोरीच्या गळ्यात दावं कशापायी? ती काय कालवड हाय?" प्रयागबाई कडाडली होती. पण दुसऱ्या दिवशी तुपाचे पैसे आले, त्यातला एक रुपया मुकाट्यानं कपड्यांच्या मडक्यात गेला.

आबासाहेबांनी खरोखरीची कालवड विकली. बाकीची मडकी हळूहळू भरली. थोरला डेरा तेवढा रिकामा राहिला. तो साखरबाईंनी भरला. त्या आबासाहेबांच्या धाकट्या बहीण, ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आलेल्या. लग्नातल्या दोन पाटल्या एवढंच त्यांचं किडूकमिडूक. उद्या त्या घेऊन बारामतीच्या सराफाकडं जायचं ठरलं होतं, कारण जयवंता रजा लवकर मिळाली म्हणून दोन दिवस आधीच येऊन ठेपला होता. अमावस्या झाली की निघायचं आणि मुंबईला उतरल्याबरोबर फी भरायची. नाहीतर शाळेतली जागा दुसऱ्या मुलाला जाणार होती.

बाकीची मडकी भराभरा तपासली. कालवडीचे, तुपाचे, सगळे पैसे जिथल्या तिथं होते.

जयवंतानं मान वर केली. दारात त्याचा धाकटा भाऊ रामहरी उभा होता.

"रामहरी," जयवंता म्हणाला, "तुला हिरीवर इंजान बसवायचं हुतं न्हवं?"

२

या महिन्यात साखरबाईंचं मौनभोजन असे. पानावर बसल्यापासून उठेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. त्यामुळं त्या दुपारी घरात आग लागली होती आणि पाणी मारू शकणारी एकटी बाई वरईचा घास हातात घेऊन गप्प बसली होती.

"इंजान मागितलं म्हंजी चोर झालो व्हय मी?" रामहरी ओरडला. "व्हय, म्हणलो हुतो! पोरीच्या बुटात पैसं घालण्यापरीस हिरीवर घाला, असं चावडीवर म्हणलो हुतो. त्वांडावर बोलणारा मानूस मागनं चोरी करत न्हाय, दादा!"

"मग ही तुझी वैनी रोज रडती ती?" जयवंता बायकोकडं वळला. "सिंधू, तुला मुंबईला यायचं न्हाय, म्हणून तर..."

"अवो काय बोलताय!" सिंधुबाईची चपाती तव्यावरच करपली. "मुंबईचं भ्या वाटतंय, व्हय, वाटतंय! पर म्हणून लेकीच्या वाटंत काटं पेरीन मी?"

आबासाहेब भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी ताट बाजूला सारलं होतं. "माझ्या घरात," ते पुटपुटले, "विधवा भनीचं सोनं गेलं. आता कुणाला त्वांड दाखवू?"

प्रयागबाई वाढत होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं, कौलं तापून तडतडत होती, आणि तिनं पदर गळ्याभोवती घट्ट लपेटून घेतला होता.

"आजे, तुला थंडी वाजतीया?" नकोशीनं विचारलं.

"घसा धरलाय माझा," प्रयागबाई म्हणाली, आणि लगेच शेजारच्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात कडाडली, "गप जेवा की सगळीजणं! वन्संचं मौन हाय, त्यांच्या पानावर कावकाव नगं! त्यांचं उपास आनि आमची चूल. एक दिस वरई, एक दिस राजगिरा, एक दिस नुस्तं दूध. देव तरी कट्टाळत न्हाय व्हय, वन्सं?"

साखरबाई गेली वीस-बावीस वर्षं हे ऐकत आल्या होत्या. उपासाचं सामान मात्र त्यांना कधी मागावं लागलं नव्हतं. जिथं पाहिजे तिथं, निवडून ठेवलेलं असे.

एवढ्यात अंगणातून खाकरणं ऐकू आलं. मळ्याशेजारचा गेणबा माळव्याची पाटी घेऊन आला होता. आपल्या शेतातली वांगी-गवार तो बाजाराला न्यायचा. घरासाठी थोडी इथं टाकायचा.

"दोन दिस कुठं हुतास, गेणबा?" आबासाहेबांनी उगाच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"सुप्याला गेल्तो, आबा. भाचीचं लगीन हुतं." गेणबानं पाटी ठेवली. "लई दणक्यात झालं. बुंदी हुती." आणि घरातल्या सगळ्यांचे चेहरे बघून तो आला तसा चपला घालून निघूनही गेला.

साखरबाईंचा घास तोंडाशीच थांबला. काहीतरी खटकलं. काय ते कळेना, आणि विचारायला तोंड उघडायची सोय नव्हती.

"मी चाललो," रामहरी ताटावरून उठला. "ज्या घरात मला चोर म्हणत्यात, तितं रातचं पान माझं वाढू नगा."

३

पान उचलून, हात धुऊन साखरबाईंनी पहिला शब्द काढला तो रामहरीला. त्यानं खांद्यावर घोंगडी टाकली होती.

"बाळा, अमावस्येपातूर थांब."

"आत्या, तुमचंच सोनं गेलंया. तुमी सुद्दा..."

"तू साधी कपबशी फडताळात ठेवलीस तरी फुटती. एकावर एक रचल्याली चार मडकी आवाज न करता उतरून, परत तशीच रचणं तुझ्या हातून व्हईल का? मला तरी न्हाय वाटत."

रामहरीला नको असताना हसू आलं. घोंगडी खुंटीला लागली.

मग त्यांनी सगळ्यांना ओसरीवर बोलावलं. "आबा, माझी एक भीक हाय. अमावस्येला दिवं लागायच्या आत फी घरात येईल. तवर कुणी कुणाला चोर म्हणायचं न्हाय."

"येईल? कुठनं?" जयवंतानं विचारलं.

"ते मलाबी अजून ठावं न्हाय," साखरबाई म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

तिसऱ्या प्रहरी त्या देव्हाऱ्यापुढं पोथी उघडून बसल्या. ओठ ओव्या म्हणत होते, मन हळकुंडाभोवती फिरत होतं. चोर पाटल्या नेतो, तो पुरचुंडी कशाला परत बांधील? आणि हळकुंड! डोरलं गहाण पडलं की बाई त्या जागी हळकुंड बांधते, सौभाग्याची जागा रिती राहू नये म्हणून. सोनं घराबाहेर जाताना मागं हळद ठेवावी, हे चोराला कोण शिकवणार? ही करणी घरातल्या बाईची. आणि तिला चोरी केली असं वाटतच नव्हतं. आपण उसनं घेतलंय, असं वाटत होतं.

दुसरं असं की रोकड पैसे वरच्या मडक्यांत, हाताशी होते. ज्याला पैसा पाहिजे तो वरचंच उचलील. इथं चार मडकी उतरवून फक्त पाटल्या काढल्या. म्हणजे पैसा नको होता. पाटल्या विकल्या जायला नको होत्या.

कुणाला नको होत्या?

साखरबाईंना तो दिवस आठवला. पाटल्या हातातून उतरवायची वेळ आली तेव्हा जमलेल्या बाया ओढाताण करायला निघाल्या होत्या. त्यांना बाजूला सारून भावजय पुढं झाली होती. तिनं तेलाचा हात लावून, फुंकर घालून, न दुखवता त्या काढल्या होत्या आणि आपल्या लग्नातल्या खणात बांधल्या होत्या. ओठ मात्र तेव्हाही कडकच होते. "रडा आता मोकळेपणी," एवढंच म्हणाली होती.

पोथीचं पान वाऱ्यानं उलटलं. अधिक मासाचं माहात्म्य चाललं होतं. या महिन्यात दान करावं, व्रत करावं. विवाह, मुंज, वास्तू असलं काही मंगलकार्य करू नये.

साखरबाईंचं बोट ओळीवर थबकलं.

"अगं बाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "आनि गेणबा बुंदी खाऊन आला!"

४

गेणबा वांग्याच्या वाफ्यात वाकलेला होता. बांधावर साखरबाई दिसल्या, तसा तो सरळ झाला.

"या, आत्याबाय. उन्हातनं आलायसा?"

"भाचीचं लगीन कसं झालं, गेणबातात्या?"

"झ्याक झालं."

"भट कुठला हुता?"

"भट... हितलाच. सुप्याचा."

"लई धाडसी भट म्हणायचा. धोंड्याच्या महिन्यात लगीन लावतोय."

गेणबानं हातातलं वांगं उगाच उलटंपालटं केलं. वैशाखात माणूस गावाला जातो तो लग्नालाच. बिचाऱ्याच्या तोंडाला पहिलं निमित्त आलं ते सांगून मोकळा झाला होता.

"आत्याबाय," तो काकुळतीला आला, "मला काय इचारू नगा. तुळशीच्या पाल्यावर हात ठेवून सबूद दिलाय. गुप्तदान हाय. देणाऱ्याचं नाव फुटलं तर दान फुकट जातंय. तुमाला मी काय सांगावं, तुमी व्रताच्या बाई!"

"नाव घिऊच नगा. मी बोलते. खोटं बोलले तर 'न्हाय' म्हणा. खरं असलं तर वांगी तोडत ऱ्हावा."

गेणबा नाइलाजानं परत वाकला.

"माझ्या पाटल्या इकल्या न्हाईत. घरातच हायत."

एक वांगं पाटीत पडलं.

"त्यांच्या जागी फीला पैसा पायजे, म्हणून दुसरं सोनं बाहेर गेलं. ते तुमी नेलं. सुप्याला न्हवं, आनि बारामतीलाबी न्हवं, कारण तितला सराफ आबांच्या वळखीचा. दोन दिस लागलं, म्हंजी इंदापूरला नेलं."

दोन वांगी पडली.

"उन्हानं घामाची धार लागलीया आनि एक बाई गळ्याभोवती पदर लपेटून फिरती. म्हणती घसा धरलाय, आनि वरडती तर शीव हालती. तिच्या गळ्यात लग्नापास्नं पुतळ्यांची माळ असती. ती आता असायची न्हाय."

गेणबानं एवढी वांगी तोडली की कोवळी की जून काही बघितलं नाही. शेवटी त्याच्या मुठीत नुसतं फूल आलं.

"असू द्या, असू द्या, वाफा मोकळा कराल," साखरबाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज ओला झाला होता. त्या बांधावरच टेकल्या. वीस-बावीस वर्षं जिच्या तोंडाचा मार खाल्ला, तिच्या गळ्यातली माळ! त्या माळेत प्रयागबाईची आई भर घालत गेली होती, एकेक सुगीला एकेक सोन्याची पुतळी.

"पैसं आलं का?" त्यांनी विचारलं.

"सराफानं माळ ठेवून घेतलीया," गेणबा आता नाव न घेता बोलायला मोकळा झाला. "गिऱ्हाईक बघतो, बाजारादिशी येऊन पैसं न्या, म्हणला. उद्याच हाय बाजार. जयवंता परवा येनार, त्येच्या आत गुपचुप पैसं डेऱ्यात पडनार, असा बेत हुता. त्यो आधीच आला आनि डेरा उघडला."

म्हणजे माळ अजून मोडली नव्हती.

साखरबाई उठल्या. आता एकच ठरवायचं होतं. बोलावं, तर भावजयीचं दान मातीत जातं. गप्प बसावं, तर तिची माळ जाते. व्रत कुठलंही असो, त्याला सोडवायची वाट असते, असं त्यांचे सासरे म्हणत. ती वाट शोधायची, तर आधी पाटल्या सापडायला हव्या होत्या.

"गेणबातात्या, पहाटं यष्टीला निघायच्या आधी आमच्या गोठ्याशी थांबा. मीबी कायतरी देनार हाय. आनि ध्येनात ठेवा, माझंबी गुप्तच."

५

घरात एकच डबा असा होता, ज्याला या चार दिवसांत कुणाला हात लावू दिला गेला नव्हता. अनारशांचा. दरवर्षी "ह्यो तांदूळ भिजवा, त्यो वाळवा, कुणी सांगितलाय खटाटोप" म्हणून करवादणारी प्रयागबाई यंदा स्वतः रात्रंदिवस त्या पिठापाशी बसली होती. तळून झाल्यावर डब्याला फडकं बांधलं होतं आणि नकोशीनं हात पुढं केला तर फटका दिला होता, "वाणाचं हायत! अमावस्येला द्यायचं हायत!"

वाण जावयाला द्यायचं. पण या घरच्या दोन्ही पोरी लहानपणीच गेल्या होत्या. जावई होताच कुठं? वाण कुणासाठी, हा प्रश्न साखरबाईंना आधीच पडायला हवा होता.

प्रयागबाई विहिरीवर गेली, तशी त्यांनी देवाला हात जोडले. "पुरुषोत्तमा, आपल्याच वस्तूची चोरी करती, माफी कर." फडकं सोडलं. अनारशांच्या थरांखाली, जुन्या खणाच्या तुकड्यात, दोन्ही पाटल्या होत्या. तुपानं चकाकत होत्या.

त्यांनी एक उचलली. दुसरी तशीच ठेवली. उचललेल्या पाटलीच्या जागी पदराच्या गाठीतलं हळकुंड काढून ठेवलं, अनारसे परत रचले आणि फडक्याची गाठ जशी होती तशी मारली.

पहाटे गोठ्याशी गेणबाच्या मुठीत त्यांनी पाटली दिली. "ही इका. हिच्यात बसतील तेवढ्या पुतळ्या सोडवून आना. उरल्याल्या जाऊ द्या. फीला पैसा पुरा पडला पायजे."

"म्हंजी दोघींचं अर्धं-अर्धं," गेणबा म्हणाला आणि जीभ चावली. "म्या काय बोललो न्हाय हां."

६

अमावस्येच्या दुपारी जयवंतानं डेऱ्यात हात घातला, तो आशेनं नव्हे, आत्यानं सांगितलं म्हणून. पुरचुंडी जड लागली. फीपुरत्या नोटा होत्या, वर चार रुपये सुटे.

"आत्या! कुणी?"

"ज्यानं नेलं त्यानंच आनलं. नाव इचारू नगस. इचारलंस तर त्येचं पुन्य जाईल आनि पाप तुझ्या डोक्यावर बसंल."

आबासाहेबांनी डोळे पुसले. जयवंता उठला, रामहरीपुढं गेला आणि काय बोलावं ते न सुचून त्याच्या पाठीत एक धपका घातला. रामहरीनं तो परत केला. मग कोपरीच्या खिशात हात घालून त्यानं दोन रुपये काढले आणि बूटमोज्यांच्या मडक्यात टाकले.

"मोजं एकच जोडी धरलंय तुमी. मुंबईत पाऊस लई पडतोय म्हणं. भिजल्यावर पोर काय अनवानी जाईल? खर्चाचं काय कळतंय का तुमाला!"

"आनि नाव काय सांगायचं हिचं शाळंत?" सिंधुबाईनं हळूच विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ट्रंक भरून तयार होती. "नकोशी म्हणलं तर हसतील."

"हसू द्या," आतून प्रयागबाईचा आवाज आला. "म्हणावं, हिच्यापायी आक्खी उतरंड भरलीती."

साखरबाई त्या दिवशी शेवटच्या मौनभोजनाला बसल्या. अंगणात नकोशी रामहरीच्या जुन्या चपला घालून बुटाची चाल गिरवत होती. चपला फटाफट वाजत होत्या. उद्या ती यष्टीत बसणार, परवा मुंबईत. घर मोकळं मोकळं होणार.

समोर ताट आलं. अनारसे रचलेले, वर फुलवात तेवत असलेली. ताट धरणाऱ्या बाईचा पदर आज खांद्यावर सैल होता. तिच्या गळ्यात पुतळ्यांची माळ होती, अर्धीच, गळ्याशी घट्ट ओवलेली. लहान मुलीला घालतात तशी. आदल्या रात्री गेणबाकडून आलेले पैसे डेऱ्यात आणि पुतळ्या अनारशांच्या डब्यात, असं साखरबाईंनीच सरकवलं होतं.

प्रयागबाई ताट ठेवून समोर बसली. कधी नव्हे ती बसली. खालचा अनारसा तिनं बोटानं जरा सरकवला; खाली एक पाटली आणि तिच्याशेजारी हळकुंड. साखरबाईंनी बघितलं. मग दोघींनी एकमेकींकडं बघितलं. मोठ्यानं ओरडणारी बाई आज इतक्या हळू बोलली की स्वैपाकघराबाहेर काही गेलं नाही.

"वन्सं, अनारसं मोजून घ्या बरं का. एखादा कमी भरंल. ह्या घरात चोर हाय. आनि तो लई उपास करतो."

साखरबाईंच्या तोंडात घास होता, महिन्याचं व्रत शेवटच्या घासावर आलं होतं, आणि पोटातून हसू वर चढत होतं. त्यांनी डोळे मिटले, हात जोडले, खांदे गदगदा हलू दिले. मौनात हसलेलं चालतं की नाही, हे त्यांनी वाचलेल्या एकाही पोथीत लिहिलेलं नव्हतं.